देल्फीन सेरीग कानाने कशी बघावी

माझं पोट ओठांवर चालतं, तेही परक्यांच्या. एकवीस वर्षं अंधेरीतल्या एका स्टुडिओत मराठी डबिंग करते आहे. कार्टूनमधली खार, जंगलाच्या माहितीपटातली निवेदिका, तेलुगू हिरोची आई, साबणाच्या जाहिरातीतली सून. पडद्यावर बाई कोणीही असो, तिचे ओठ मिटायच्या आत माझं वाक्य संपलं पाहिजे. त्यामुळे सिनेमा बघताना माझी नजर आधी समोरच्याच्या जबड्यावर जाते. खोड चांगली नाही, नवरा शेजारी बसून कंटाळतो. पण देल्फीन सेरीग या फ्रेंच नटीच्या बाबतीत याच खोडीने मला वाट दाखवली.

सेरीग १९३२ साली बैरुतमध्ये जन्मली. वडील पुरातत्त्वज्ञ. महायुद्धाच्या काळातली काही वर्षं न्यूयॉर्कमध्ये गेल्यामुळे तिचं इंग्रजीही पक्कं होतं. १९९० मध्ये पॅरिसला वारली. तिचं नाव दोन सिनेमांवर उभं आहे: आलँ रेनेचा १९६१ चा ‘लास्ट इयर अ‍ॅट मारिएनबाद’ आणि शांताल अकरमानचा १९७५ चा ‘झान दिएलमान’. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या २०२२ च्या कौलात हा दुसरा सिनेमा जगातला सर्वोत्तम ठरला आणि तेव्हापासून सगळे तिथूनच सुरुवात करतात. तीन तासांहून लांब सिनेमा, त्यात एक बाई स्वयंपाक करते, भांडी घासते, दिवे मालवते. तासाभरात डोळा लागतो. मग ‘थोर आहे’ एवढं म्हणून माणूस मोकळा होतो आणि सेरीगच्या वाटेला पुन्हा जात नाही. तुम्ही तो सिनेमा सगळ्यात शेवटी ठेवा.

सुरुवात करा फ्रान्स्वा त्रुफोच्या ‘स्टोलन किसेस’पासून (१९६८). यात ती नायिका नाही. बुटांच्या दुकानाच्या मालकाची बायको आहे, मादाम ताबार, आणि येते तीही सिनेमा बराच पुढे गेल्यावर. अंत्वान नावाचा एक धांदरट पोरगा गुप्तहेर म्हणून त्या दुकानात कामाला लागलेला असतो आणि तिच्या प्रेमात पडतो. जेवणानंतर दोघं कॉफी घेत बसलेत. ती विचारते, संगीत आवडतं का तुम्हाला? पोरगा घाबरून म्हणतो, ‘हो, सर.’ बाईला सर! आणि तिथून पळ काढतो.

पुढे तिची चिठ्ठी येते. तिच्यात शिष्टाचार आणि समज यांतला फरक सांगणारी गोष्ट आहे. माणूस चुकून न्हाणीघराचं दार ढकलतो, आत बाई उघडी उभी. ‘माफ करा, बाईसाहेब’ म्हणून मागे फिरला तर तो शिष्टाचार. ‘माफ करा, साहेब’ म्हणाला तर ती समज. म्हणजे पोराच्या फजितीला तिने किती हळुवार हाताने झाकलं बघा.

त्यानंतर एका सकाळी ती थेट त्याच्या खोलीवर येते. आपण काही आकाशातून उतरलेली मूर्ती नाही, साधी बाई आहोत, असं सांगते आणि एक सौदा मांडते: आत्ताचे काही तास एकत्र, नंतर पुन्हा कधीच भेटायचं नाही. हा प्रसंग तीनदा बघा, पण आमच्या धंद्यातल्या पद्धतीने. पहिल्यांदा फोन पालथा ठेवा, इयरफोन लावा आणि नुसतं ऐका. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र, पण सबटायटल्स बंद. कोण काय म्हणतंय ते एव्हाना ठाऊक झालेलं असतं आणि सबटायटल्स चालू असली की डोळा पडद्याच्या तळाशी चिकटतो, तोंड दिसतच नाही.

काय ऐकायचं? सर्वसाधारण नट वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकतो, पोतं उतरवल्यासारखा. सेरीग टाकत नाही. ती वाक्य थोडं वरून उचलते, मधला स्वर जरा लांबवते आणि शेवट हातात धरून ठेवते. वाटतं अजून काहीतरी येतंय. येत काहीच नाही, पण ऐकणारा पुढे झुकलेला राहतो. शब्दांच्या मागे सतत एक बारीक हवा आहे, धाप नव्हे, निरांजन हलेल न हलेल इतकीच. फ्रेंच येत नसेल तर उत्तमच, अर्थ मध्ये लुडबूड करत नाही. आवाज बंद करून बघाल तेव्हा आणखी एक गोष्ट दिसेल. तिचे ओठ फार कमी उघडतात. असल्या बाईला डब करणं म्हणजे शिक्षा असते, कुठला शब्द कुठे बसवायचा याचा धागाच सापडत नाही.

जाता जाता एक खूण. तिच्या नवऱ्याचं, त्या बूटवाल्याचं काम करणारा नट लक्षात ठेवा. मायकेल लॉन्सडेल. तो पुढे परत परत भेटणार आहे.

दुसरा सिनेमा ‘म्यूरिएल’ (१९६३), दिग्दर्शक पुन्हा रेने. माझ्या मते तिचं सर्वांत मोठं काम हेच. व्हेनिसच्या महोत्सवात तिला यासाठी अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता, तरी आज कोणी सहसा नाव घेत नाही. ‘मारिएनबाद’मध्ये पिसांच्या झग्यात पुतळ्यासारखी वावरलेली बाई दोनच वर्षांत इथे चाळिशी ओलांडलेली विधवा झाली आहे. तिचं स्वतःचं वय तेव्हा तिशीच्या जरासं पुढे. इथे ती एलेन, बुलोन्य-स्युर-मेर या बंदराच्या गावात जुनं फर्निचर विकते. दुकान वेगळं नाही, राहत्या घरातूनच विकते. ज्या खुर्चीवर बसायचं ती विकाऊ, ज्या टेबलावर जेवायचं तेही विकाऊ. रात्री कॅसिनोत जाऊन पैसे घालवते. सावत्र मुलगा अल्जीरियाच्या युद्धातून परतलाय आणि तिथे जे झालं ते त्याला सोडत नाही. अशात बाई आपल्या जुन्या प्रियकराला पत्र लिहून बोलावून घेते. तो येतो, बरोबर एक तरुण ‘भाची’ घेऊन.

हा सिनेमा पहिल्यांदा डोक्यावरून जातो. सुरुवातीलाच दाराची मूठ, हातमोजे, किटली, गिऱ्हाइकाचा चेहरा असे तुकडे भराभर येतात. गोंधळू नका, गोष्ट जुळवायच्या मागे लागू नका. तुमचं काम एकच, एलेनची धांदल पकडा. पाहुणे आल्यावर आपल्याकडच्या घरात काय होतं? ‘बसा ना, हे घ्या, अहो ते राहू द्या, चहा टाकते, प्रवास कसा झाला’, सगळं एका दमात, आणि कोणत्याही प्रश्नाचं उत्तर नको असतं. तेच इथे आहे. मादाम ताबारने शेवट हातात धरलेली वाक्यं एलेन अर्ध्यात सोडून दुसरी उचलते. आवाज तोच, पण त्यातली रेशमी घडी पार विस्कटलेली. दोन सिनेमे पाठोपाठ बघितले तर कळतं की लोक ज्याला तिची ‘शैली’ म्हणतात ती तिने हवी तेव्हा पेटीत बंद करून ठेवली आहे.

आता माझा आवडता भाग. इतक्या नावाजलेल्या आवाजाच्या बाईच्या कामांत असे कितीतरी सिनेमे आहेत जिथे तो आवाज तिच्या तोंडातून काढूनच घेतला आहे.

पहिला ‘पुल माय डेझी’ (१९५९), रॉबर्ट फ्रँक आणि आल्फ्रेड लेस्लीचा. अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा, न्यूयॉर्कच्या बीट कवींचा, म्हणजे त्या काळच्या बंडखोर कवींचा. ती तेव्हा चित्रकार जॅक यंगरमनशी लग्न करून तिथेच राहत होती. सिनेमात ती घरधनीण आहे, नवऱ्याच्या उनाड कवी मित्रांनी घर डोक्यावर घेतलंय आणि घरी तर बिशप येणार आहेत. पण आवाज? सगळ्यांचे संवाद एकटा त्यांच्या गटातला लेखक जॅक केरुअ‍ॅक बोलतो, तिचेही. एका पुरुषाच्या आवाजात बडबडणारी ही वैतागलेली बाई बघताना मला हसू आवरत नाही. आमच्याकडे बजेट कमी असलं की असंच होतं, एकच माणूस सासरा, पोस्टमन आणि म्हैस.

दुसरा जोसेफ लोझीचा ‘अ‍ॅक्सिडेंट’ (१९६७), पटकथा हॅरल्ड पिंटरची. डर्क बोगार्ड ऑक्सफर्डमधला प्राध्यापक. लंडनला गेल्यावर तो एका जुन्या मैत्रिणीला भेटतो, ती सेरीग. जेमतेम काही मिनिटांचं काम. दोघं जेवतात, तिच्या घरी जातात, त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येतं, पण पडद्यावर बोलताना कोणी दिसत नाही. फार दिवसांनी भेटलेली माणसं एकमेकांशी बोलत असतात आणि मनाने तिथे नसतात, ते याहून नेमकं मी कुठे पाहिलेलं नाही.

तिसरी गंमत झाक देमीच्या ‘डाँकी स्किन’मधली (१९७०). परीकथेतली लायलॅक परी. देखणी, लबाड, जरा मत्सरीसुद्धा. राजकन्या काथरीन दनव्हला ती गाण्यातून बजावते की बापाशी लग्न करायचं नसतं, पोरी. पण गातेय क्रिस्तियान लग्राँ, संगीतकार मिशेल लग्राँची बहीण. म्हणजे चक्क प्लेबॅक! बोलता बोलता गाणं सुरू होतं तो सांधा कान देऊन ऐका. सेरीगचं बोलणंच इतकं सुरेल की आवाज कधी बदलला ते पटकन कळत नाही.

आणि मग ‘इंडिया साँग’ (१९७५), मार्गरीत द्युरास या फ्रेंच लेखिकेचा. याच्या बाबतीत माझी जी फजिती झाली ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. रात्री लॅपटॉपवर लावला. आवाज येतोय, माणसं नाचतायत, बोलणं चाललंय, पण सेरीगचे ओठ मिटलेले. मला वाटलं फाइलचा सिंक गेलाय. आमचा रोजचाच आजार, त्यामुळे हात आपोआप चालले. प्लेअरमध्ये आवाज पुढे घे, मागे घे, अर्धा सेकंद, दोन सेकंद, पाच सेकंद. वीस मिनिटं मी त्या सिनेमाची दुरुस्ती करत होते! नंतर लक्षात आलं की पडद्यावर कोणी बोलतच नाही. द्युरासने सगळे आवाज आधी ध्वनिमुद्रित केले आणि शूटिंगच्या वेळी सेटवर वाजवले. नट आपलेच संवाद ऐकत, तोंड मिटून वावरतात. आपलंच आयुष्य आठवणाऱ्या भुतांसारखे.

सेरीग आन-मारी स्ट्रेटर आहे, १९३७ च्या कलकत्त्यातल्या फ्रेंच राजदूताची बायको. भारतीय प्रेक्षकाच्या भुवया इथे वर जाणारच, तेव्हा राजधानी दिल्ली, कलकत्त्यात कुठला राजदूत? शिवाय शूटिंग झालं पॅरिसलगतच्या बुलोन्यमधल्या एका पडक्या वाड्यात. द्युरासचं बालपण इंडोचायनात गेलं, तिचं कलकत्ता ही तापात दिसलेली जागा आहे. चीड आली तर येऊ द्या, मलाही येते. उदबत्ती आणि घाम दाखवला की झाला भारत! भारतीय म्हणावं असं माणूस जवळजवळ दिसत नाही, दूरवर गाणारी भिकारीण तीसुद्धा लाओसमधल्या सावन्नाखेतची. पण चीड बाजूला ठेवून सेरीगची पाठ बघा. नाचताना, आरशासमोरून जाताना, जमिनीवर पडून राहताना ती संवाद पाठीने ऐकते. मध्येच लाहोरच्या माजी व्हाइस-कॉन्सुलची किंकाळी येते, त्याने तिथल्या शालिमार बागेत महारोग्यांवर गोळ्या झाडलेल्या असतात. तो नट कोण? आपले बूटवाले लॉन्सडेल. ‘स्टोलन किसेस’मधला बायकोला कंटाळवाणा झालेला तो नवरा आठवला आणि मी मधेच सिनेमा थांबवला.

हे आवडलंच तर द्युरासने १९७६ मध्ये हाच अख्खा साउंडट्रॅक घेऊन त्याच्यावर दुसरी दृश्यं लावली, त्याच वाड्याच्या ओसाड भिंती. एकच डबिंग, दोन सिनेमे. निर्मात्यांना ही कल्पना कळली तर आमचं काही खरं नाही.

मधल्या काळात जीभ बदलायला हलके पदार्थ. ‘द डे ऑफ द जॅकल’ (१९७३) पुष्कळांनी पाहिलेला असतो, पण मारेकऱ्याला घरात घेणारी ती एकाकी श्रीमंत बाई सेरीग होती हे लक्षात नसतं. पोलिस अधिकारी पुन्हा लॉन्सडेल. बुन्युएलच्या ‘डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्ज्वाझी’त ती जेवायला निघालेल्या आणि कधीच जेवायला न मिळणाऱ्या टोळीत आहे. लोझीच्याच ‘अ डॉल्स हाउस’मध्ये नोराची मैत्रीण. इब्सेनच्या या नाटकाचं मराठी रूप ‘घरकुल’ वाचलं असेल त्यांना ही मैत्रीण किती अवघड जागा आहे ते माहीत असेल, सगळं नाटक तिच्यामुळे हलतं आणि टाळ्या नोराला.

‘डॉटर्स ऑफ डार्कनेस’ला (१९७१) मात्र हलका म्हणून हसण्यावारी नेऊ नका. बेल्जियमच्या किनाऱ्यावर ऑस्टेंडमधलं हिवाळ्यातलं रिकामं हॉटेल, नवं लग्न झालेलं जोडपं आणि गाडीतून उतरणारी काउंटेस बाथरी, रक्तपिपासू. काउंटरवरचा म्हातारा तिला ओळखतो, चाळीस वर्षांपूर्वी आला होतात, तेव्हाही अशाच दिसत होता. ती हसून ते टोलवते. चंदेरी चमचमता झगा, जुन्या हॉलिवूडसारखे केस, आणि आवाजात सगळा मध ओतलेला. दात दाखवायची गरजच पडत नाही. भयपट घाबरण्यासाठी बघत असाल तर निराश व्हाल, गोड बोलण्याला घाबरायला शिकायचं असेल तर बघा.

तिची दोन कामं भूमिका म्हणून मोजली जात नाहीत, मी मोजते. गर्भपाताच्या हक्कासाठी १९७१ च्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ३४३ जणींत ती होती. पुढे कारोल रूसोपुलोसबरोबर तिने व्हिडिओ कॅमेरा हाती घेतला. १९७६ च्या एका छोट्या फितीत दोघी टेबलाशी समोरासमोर बसल्यात. व्हॅलरी सोलानस या अमेरिकन स्त्रीवादी लेखिकेचं पुस्तक फ्रान्समध्ये मिळेनासं झालेलं, म्हणून सेरीग त्यातला मजकूर सांगते आणि कारोल टाइप करते. मधोमध टीव्हीवर बातम्या चालू. इथे सेरीग अभिनय करत नाही, डिक्टेशन देते: वाक्य, थांबा, विराम, पुढे. मादाम ताबारचा आवाज स्टेनोला मजकूर सांगताना कसा लागतो ते ऐकाच. दुसरं काम म्हणजे तिने दिग्दर्शित केलेला माहितीपट. नावाचा अर्थ ‘सुंदर दिस आणि गप्प बस’. जेन फोंडापासून मारिया श्नायडरपर्यंत वीसहून जास्त नट्यांना ती विचारते, मुलगा असतात तर या धंद्यात आला असतात का? इथे ती ऐकणारी आहे. मधे बोलत नाही, आणि समोरच्या बायका हळूहळू खरं बोलायला लागतात.

‘गोल्डन एटीज’ (१९८६) हा अकरमानचा गाण्यांचा सिनेमा. तळघरातलं शॉपिंग सेंटर, सलून, कपड्यांचं दुकान, सगळे एकमेकांच्या प्रेमात. सेरीग दुकानाची मालकीण, छळछावणीतून वाचलेली बाई. युद्धानंतर तिच्यावर जीव लावलेला अमेरिकन सैनिक इतक्या वर्षांनी समोर उभा राहतो. आजूबाजूला शांपू आणि ठुमके, आणि ती गल्ल्याशेजारी त्याच्याशी हळू आवाजात बोलते. बाकीचे सगळे गात असताना साधं बोलणारी. तिचं नावही झान आहे.

तेव्हा आता पहिल्या झानकडे या. ‘झान दिएलमान’ एका बैठकीत बघा, फोन दुसऱ्या खोलीत. सामी फ्रे या फ्रेंच नटाने शूटिंगच्या वेळी घेतलेली चित्रफीत मिळाली तर आधी बघा. छोट्या छोट्या कृतींवरून सेरीग अकरमानला प्रश्न विचारून भंडावते. पंचविशीतली दिग्दर्शिका आणि नावाजलेली नटी, दोघी दमलेल्या.

सिनेमात पहिल्याच संध्याकाळी झान मुलाला कॅनडातल्या बहिणीचं पत्र वाचून दाखवते. लांबलचक पत्र, बर्फ, भेटवस्तू, पुन्हा लग्न का करत नाहीस वगैरे. सेरीग ते सपाट वाचते. चढ नाही, उतार नाही, स्वर लांबवणं नाही. रेशनच्या रांगेत नावं पुकारावीत तसं. आधीचे सिनेमे पाहिले नसतील तर वाटेल, बाई कंटाळली असावी. पाहिले असतील तर कळेल, तिने आपल्या आवाजावर इस्त्री फिरवली आहे.

मी एकदा त्या पत्राचं मराठी केलं आणि कपाटात शिरून, रजई पांघरून फोनवर रेकॉर्ड केलं. तीन टेक घेतले. पहिल्यात माया आली, दुसऱ्यात कंटाळा. तिसरा सगळ्यात वाईट, त्यात सपाट वाचायचा प्रयत्न ऐकू येत होता. चौथा अजून घेतलेला नाही.